तुकडे बाहेर पडले होते

तर ड्रायव्हरनं जॅकचा दांडा उचलला आणि न्हाव्याच्या उजव्या मनगटावर घातला, इथपर्यंत काल आलो होतो. कडकन् आवाज झाला. मी समोरच्या आमच्या इमारतीच्या दारात उभा होतो, मला वाटलं खुर्चीचा पाय मोडला. न्हावी आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि लोंबणाऱ्या हाताकडे असा बघत राहिला, जणू कुणी गिऱ्हाईक तो हात विसरून गेलंय. मग असा ओरडला, की गल्लीतली कुत्री गप्प झाली.

पण मी घाई केली. गोष्ट ड्रायव्हरची नाही, न्हाव्याचीही नाही. गोष्ट आहे काचवालीची, आणि तिची ओळख करून द्यायची राहूनच गेली.

काचवाली म्हणजे खिडक्यांना काचा बसवून देणारी बाई. धंदा नवऱ्याचा. एकदा पिऊन त्यानं तिच्यावर हात टाकला, तेव्हा तिनं त्याचा पंजा टेबलावर दाबून धरला आणि दोन बोटांच्या मधे पटाशी रोवली. कातडीला धक्का नाही. त्यानंतर तो मरेपर्यंत तिला अहो-जाहो करायचा म्हणतात. मी थोडं तिखटमीठ लावतो, पण टेबलावरची खोच मी स्वतः पाहिली आहे. तो गेल्यावर धंदा तिनं चालवला. डाव्या करंगळीचं टोक एका दुकानाच्या शोकेसनं नेलं. काच पाठीवरच्या लाकडी चौकटीत घालून जिने चढायची आणि कुणी हाक मारली तरी वळायची नाही, कारण ती वळली की काच भिंतीला लागणार. लोक म्हणायचे, बाई गर्विष्ठ आहे.

आता ती साथ आली तेव्हाचं सांगतो. सगळं बंद, शाळा बंद, तोंडं बंद. माझ्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, बसचा ड्रायव्हर, त्याची नर्स बायको आणि दहा वर्षांची मुलगी. बायको सहा आठवडे दवाखान्यातच मुक्कामाला. बस डेपोत उभी, म्हणून ड्रायव्हर घरात, आणि उभ्या जन्मात घरात न बसलेला माणूस घरात बसला की काय होतं ते त्याच्या भांड्यांना विचारा. रोग हवेतून येतो असं ऐकून त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्या खिडक्यांना खिळे ठोकले. दुपारी वरून धाडधाड आवाज यायचे, कुणीतरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळतंय असे. मी मनात म्हणायचो, पोरगी खेळतेय.

एका दुपारी खळ्ळकन् काच फुटली आणि तुकडे माझ्या छज्ज्यावर पडले. ड्रायव्हर लुंगीवरच खाली धावला. मुलगी म्हणाली, आवाज आला आणि फुटली, एवढंच. मी अंगणात गेलो, अंड्याएवढा एक दगड उचलला, वर नेला आणि सांगितलं, हाच तो. अंगणात दगड नाहीत तर काय असणार, पण तेव्हा मला फार हुशार वाटलं. न्हावी त्याच आठवड्यात, कपडे न्यायला दारापर्यंत आलेल्या नर्सवर ओरडला होता, रोग गल्लीत आणशील म्हणून. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि चार मजल्यांवर चार वेळा सांगितल्या. दर मजल्यावर दगड थोडा मोठा झाला.

काचवाली आली, चौकटीतले उरलेले तुकडे काढले, माझ्या छज्ज्याकडे बराच वेळ बघितलं, मुलीकडे बघितलं, नवी काच बसवली आणि गेली.

दुसऱ्यांदा फुटली त्याच दिवशी न्हाव्याचा हात गेला. तेव्हाही काच बसवून ती काही बोलली नाही. पण जाताना न्हाव्याच्या दुकानासमोर थांबली. पायरीवर रक्ताचा डाग होता, मनगटाचं की ओरडताना चावलेल्या ओठाचं कोण जाणे. पाठीवर चौकट असताना ती बाई वळली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्यांदा फुटली तेव्हा ड्रायव्हर दांडा घेऊन न्हाव्याचा दुसरा हात मोडायला निघाला. नवी काच घेऊन जिना चढणारी काचवाली त्याला आडवी आली आणि त्याला हाताला धरून परत वर घेऊन गेली. मी मागे. तिनं दाखवलं, घरात फरशीवर तुकडा नाही, सगळे खाली या म्हाताऱ्याच्या छज्ज्यावर. बाहेरून दगड आला असता तर काच आत पडली असती. घाव आतून बसलाय. मग ती मुलीसमोर उकिडवी बसली. मुलीच्या हातात लाटणं होतं आणि मनगटापर्यंत ओरखडे. नखं तर खाऊन खाऊन रक्ताळलेली.

मुलगी म्हणाली, श्वास बंद होतो. आई फोनवर सांगते तशी माणसं मरतात, तसाच. पळलं तरी येत नाही. काच फुटली की येतो.

ड्रायव्हरचं डोकं फिरलं. त्यानं पोरीपायी एका माणसाचा हात मोडला होता, आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. दांडा वर गेला. मी भिंतीला चिकटलो, खोटं कशाला बोलू. काचवालीनं पाठीवरची चौकट नव्या काचेसकट ओढली आणि मुलीच्या पुढ्यात ढालीसारखी उभी धरली. दांडा आला. काच फुटली, एक पातं तिच्या कोपराखाली शिरलं आणि भिंतीवर रक्त उडालं. तिनं हात खाली घेतला नाही. मोकळी चौकट तशीच धरून उभी राहिली, आणि चौकटीतून बाप पोरीकडे बघत राहिला. पोरीनं फ्रॉकमध्येच लघवी केली होती, बापाच्या लुंगीचा शिवलेला फ्रॉक. ते बघून तो मटकन खाली बसला.

सतरा टाके पडले. खिळे ड्रायव्हरनं स्वतः उपटले. आई घरी आली, तिच्या दवाखान्यातली मुलांची डॉक्टरीण पोरीशी आठवड्यातून दोनदा बोलायची, ते वर्षभर चाललं. अजून ती पोर लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. ड्रायव्हर दांडा घेऊन न्हाव्याकडे गेला आणि मार म्हणाला. न्हाव्यानं डाव्या हातानं त्याच्या खांद्यावर असा हाणला की तो महिनाभर स्टिअरिंग धरू शकला नाही. मग दोघांनी एकाच भिंतीला टेकून चहा घेतला. न्हाव्याची कात्री अजून थरथरते. माझ्या कानाची ही खोक त्याचीच.

परवा माझी खिडकी तडकली म्हणून काचवाली आली होती. हातावर तो लांब व्रण. मी गमतीत विचारलं, अगं, पहिल्याच दिवशी तुला कळलं होतं, मग तेव्हाच का नाही बोललीस? न्हाव्याचा हात वाचला असता.

तिनं पट्टी ठोकली, तोंडातला खिळा काढला आणि म्हणाली, "गप्प बसले, ती माझी चूक. त्याची कात्री थरथरताना दिसली की मला रोज कळतं. पण बाबा, मी त्या घरात तीनदा गेले, तेही काचेपुरती. तुम्ही बारा महिने तिच्या पायाखाली राहता. पोर रोज दुपारी श्वासासाठी पळत होती, ते ऐकून तुम्ही दगड शोधायला खाली गेलात. वर का नाही गेलात?"