उजेडाचा विटाळ

तो खोली बघायला आला त्या दिवशी घरात मी होते, माझी थोरली जाऊ होती, समोरच्या मिश्रांची बायको, मिसराईन, गप्पा मारायला आली होती आणि दूधवाला यादव दारात उभा होता. चौघांनी आपल्या कानांनी ऐकलं म्हणून सांगते, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही. काशीत सगळ्या जगाची उलटी डोकी येतात, पण याच्याइतकं उलटं डोकं मी या गलीत पाहिलं नाही. भोसले घाटाच्या वरच्या अंगाला आमचं बिऱ्हाड. खोली भाड्यानं मागायला येतो तो पहिलं विचारतो, खिडकीतून गंगा दिसते का? हा म्हणाला, "काकू, खिडकी नसलेली खोली आहे का?" आमच्याकडे लाकडं आणि गोवऱ्या ठेवायची एक कोठी होती, तिथे दुपारीसुद्धा हात पुढे करून चालावं लागे. तो आत गेला, आतून दार लावून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाला, "वा! काय अंधार आहे!" यादवच्या हातातलं माप कलंडलं. मिसराईन माझ्या कानाशी लागली, "ए चाची, ई लइका तांत्रिक त ना ह?"

तांत्रिक नव्हता. सांगलीचा होता, चांगल्या घरचा, पस्तिशीचा, दाढी वाढलेली, लग्नाचं नाव नाही. मी विचारलं, नोकरी कुठे? म्हणाला, "नोकरी नाही काकू, फ्रीलान्स." मी दुसरीपर्यंत शिकलेली. मला वाटलं फ्री म्हणजे फुकट. मला दया आली, म्हटलं एवढा धडधाकट मुलगा आणि लोकांची कामं फुकट करत फिरतो. महिनाभर मी त्याला जबरदस्तीनं जेवायला वाढलं. मग कळलं की हा कॉम्प्युटरवर दुकानांच्या पिशव्या, डबे, लग्नाच्या पत्रिका यांची चित्रं बनवतो आणि लोक त्याचे पैसे देतात. का देतात ते विचारू नका. कोपऱ्यावरच्या हलवायानं त्याला मिठाईच्या डब्याचं काम दिलं. यानं डबा केला सगळा पांढरा, आणि एका कोपऱ्यात एवढासा एक पिस्ता. हलवाई डबा घेऊन आमच्या दारात आला. त्यानं डबा उलटासुलटा करून बघितला. शेवटी म्हणाला, "भैया, मिठाई कहाँ है?" हा म्हणाला, "डिब्बे के अंदर." हलवाई डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं.

आमचं पोट यात्रेकरूंच्या जेवणावर. महाराष्ट्रातून माणसं येतात, चार दिवस पुरीभाजी खाऊन कंटाळतात, मग वरणभाताचा वास काढत आमच्याकडे येतात. हे गेले, मग वर्षाच्या आत भाऊजी गेले, तेव्हापासून आम्ही दोघी जावांनी चूल पेटती ठेवली. रडायला वेळ मिळाला नाही, जेवायला माणसं बसलेली असायची. जाताना लोक मेतकूट विकत नेत. त्या डब्यांवर मी कोळशानं लिहून ठेवायची, मला येईल तसं. एक दिवस यानं माझ्या त्या वाकड्या अक्षरांचे फोटो काढले आणि तीच अक्षरं छापून चिठ्ठ्या करून आणल्या. शाळेतून रिटायर झालेले एक मास्तर जेवायला यायचे, ते चिडले. "अहो, मेतकूटमधला उकार दीर्घ पाहिजे!" हा म्हणाला, "मास्तर, काकूंचा उकार काकूंचाच राहील." मास्तरांनी त्या दिवशी ताक घेतलं नाही. मला तर लाजच वाटली. माझं अशुद्ध आता मुंबई-पुण्याला जात होतं.

पण खरा धक्का त्याच्या कॅमेऱ्याचा. हल्ली मिसराईनचा नातूसुद्धा फोनवर फोटो काढतो आणि लगेच दाखवतो. याचा कॅमेरा जुना, लोखंडाच्या अडकित्त्यासारखा जड, आत रीळ घालायचं. छत्तीस फोटो झाल्याशिवाय धुवायचं नाही, आणि धुतल्याशिवाय काही दिसायचं नाही. आणि काढायचा तरी कशाचे? सगळी दुनिया गंगेकडे तोंड करून उभी, हा गंगेकडे पाठ करून उभा. होड्यांवर रंगवलेली नावं, भिंतीवरच्या जुन्या जाहिराती, न्हाव्याची पाटी. म्हणायचा, "काकू, ही हातानं लिहिलेली अक्षरं चालली. पुढच्या वर्षी नसतील." रिळांच्या डब्या ठेवायचा आमच्या फ्रिजात, दह्याच्या मागे. उन्हानं खराब होतात म्हणे. फोटो तो कोठीतच धुवायचा, तेव्हा आतून आंबट वास यायचा आणि दाराच्या फटीतून लाल उजेड. मिसराईननं गलीभर सांगितलं की आत हवन चालतं.

माझी जाऊ फार कडक. सोवळ्यात असली की माझीसुद्धा सावली चालायची नाही. तिची सोवळ्याची लुगडी छताजवळच्या उंच दांडीवर, काठीनं वर टाकायची, काठीनं काढायची. तिनं त्याला बजावलं, "हे बघ, पोरा, त्या बंद खोलीत काय चालतं ते मला कळलं पाहिजे." तो हात जोडून म्हणाला, "मोठ्या काकू, तुमचं सोवळं असतं ना, तसंच माझं आहे. फिल्मला उजेडाचा विटाळ होतो. कुणी दार उघडलं की सगळं बाटलं." झालं! माझं इतक्या वर्षांचं बोलणं जिला पटलं नाही तिला हे एका वाक्यात पटलं. त्या दिवसापासून जाऊबाई कोठीबाहेर पाट टाकून बसायला लागल्या, हातात सोवळ्याची काठी. मिसराईन डोकावली की, "हात पुढे केलास तर याद राख! मुलगा सोवळ्यात आहे." यादव म्हणायचा, "माई त चौकीदार हो गइलीं."

एकदा तो बाहेर आला आणि ती तशी काठी घेऊन बसलेली बघून त्यानं कॅमेरा उचलला. "खबरदार! माझं काय लग्न आहे?" ती म्हणाली, पण चेहरा फिरवला नाही. खटका वाजला. लगेच म्हणाली, "दाखव." तो म्हणाला, "रीळ संपलं की धुतो." "मग धू की आत्ता, एवढी गंगा वाहतेय!"

तिचा फोटो घरात एकही नव्हता. लग्नातला एक होता, तो पुराच्या साली पेटीत पाणी शिरलं त्यात लगदा झाला. आधार कार्डावर आहे, पण त्यात ती पोलिसांनी धरल्यासारखी दिसते.

ते रीळ संपायच्या आधी ती गेली. सकाळी आंघोळ करून आली, पाटावर बसली, म्हणाली, "सुमे, आज डाळ तू घाल." मी डाळ धुऊन आले तोवर संपलं होतं. काशीत मरण आलं म्हणून लोक मला तिचं भाग्य सांगायला आले. मी हो म्हटलं. पण माझ्या डोक्यात एकच, त्या कॅमेऱ्यात ती आहे का नाही? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "असेल काकू. नक्की कसं सांगू?" उरलेले फोटो न काढताच त्यानं रीळ धुवायला घेतलं. छत्तीसचा नेम त्यानं तेवढा एकदाच मोडला.

धुतलेली फिल्म वाळत कुठे टाकावी, तर कुणाचा हात लागणार नाही अशी घरात एकच जागा. जाऊबाईंची दांडी. सुतकात ती रिकामीच होती. तो फिल्म टांगून चहा प्यायला गेला. तेरावा दिवस होता, घर शुद्ध करायचं होतं. मिसराईन तांब्याभर गंगाजल आणि आंब्याचा डहाळा घेऊन निघाली. भटजी म्हणाले, कोना-कोना. तिनं कोना-कोना शिंपडलं, आणि वर लोंबणाऱ्या त्या काळ्या पट्टीवर तर चांगलं तीनदा. तिला तीच सगळ्यात अशुद्ध वाटली. तो परत आला तोवर थेंब वाळून गेले होते. तो किंचाळला, "अहो, ते सोवळ्यातलं होतं!" आणि भिंतीशी खाली बसला. मिसराईनला काही कळेना. ती घाबरून त्याच्याही डोक्यावर पाणी शिंपडायला लागली.

मग त्यानं मला कोठीत नेलं. पहिल्यांदाच. दार लावलं, लाल दिवा लावला, एका तबकात औषधाचं पाणी आणि त्यात कोरा कागद. म्हणाला, "बघत राहा." आधी काठी दिसली. मग हात. मग जाऊबाई. इथे मी माणसं राख होऊन पाण्यात जाताना बघितली आहेत, सासू, हे, भाऊजी. पाण्यातून माणूस वर येताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

तिच्या डोक्यावर, खांद्यावर पांढरे ठिपके होते. तो हळूच म्हणाला, "हे पाण्याचे डाग, काकू. फिल्म परत धुतली तर जातील." मी म्हटलं, "राहू देत. अक्षता आहेत त्या." भाऊजी गेल्यापासून तिच्या अंगावर अक्षता पडल्या नव्हत्या. कुणी टाकल्या नव्हत्या. फिल्म त्यानं परत धुतली नाही.

मे महिन्यात त्याच्या वडिलांचं दुखणं निघालं आणि तो सांगलीला गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला घाटावर बसवून फोटो काढले. मी गंगेकडे पाठ करून बसले, त्याच्या पद्धतीनं. रीळ काढून माझ्या हातात दिलं, "गाडीत उकडून खराब होईल काकू. दह्यामागे ठेवा. दिवाळीला येऊन धुतो." दिवाळी झाली, होळीही झाली. फोन येतो. येतो म्हणतो. वडील अंथरुणावर आहेत, कसा येईल? कोठीत परत लाकडं ठेवा म्हणून मिसराईन मागे लागली आहे. मी ठेवत नाही.

माझं आता वय झालं. मी गेल्यावर हे घर आवरायला जे कोणी याल त्यांना एवढंच सांगणं आहे. फ्रिजात दह्याच्या मागे एक काळी डबी आहे. ती उघडू नका, शुद्ध करू नका. त्याला द्या. आत मी आहे.