माजघराचा निळा

सुमे, मी मुंबईला निघालो त्या सकाळी आईने मला एसटीच्या पायरीवरून खाली ओढलं होतं, आठवतं का? गाडी सुरू झालेली, कंडक्टर ओरडतोय, आणि ही बाई माझ्या पांढऱ्या शर्टाची पाठ झोडतेय. "भिंतीक कित्याक टेकलंस रे? मुंबईक असो जातलंस?" माजघराचा निळसर चुना पाठीला लागला होता. चार लोकांत लाज वाटली म्हणून मी मागे वळूनही न बघता आत जाऊन बसलो. सतरा वर्षांचा गाढव होतो.

तो निळा कसा व्हायचा हे माझ्या मुलांना सांगून समजत नाही. चतुर्थीच्या आधी शिंपल्यांचा चुना भिजत घालायचा आणि त्यात फडक्यात बांधलेली नीळ पिळायची. माप नाही की काही नाही. आई त्यात बोट बुडवून मनगटावर ओढायची, फुंकर मारून सुकवायची आणि म्हणायची, "आजून वायच." दरवर्षी अगदी तोच रंग यायचा.

माझं लग्न झाल्यावर ती एकदा घाटकोपरच्या आमच्या खोलीत राहायला आली. चौथ्या दिवशी बोचकं बांधून तयार. "भिंती अंगावर येतत रे," एवढंच म्हणाली. ते माझ्या मनाला फार लागलं. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील, बोरिवलीला सोसायटीत दोन खोल्यांची जागा झाली, तेव्हा ठरवूनच टाकलं, आतली खोली आईची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तुझं पत्र आलं. आईला दिव्याभोवती कडी दिसतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे धुकं येतं. गावात सगळे म्हणाले मोतीबिंदू आहे, पिकांदे, कच्चो काढूक नये. आपल्याकडे सगळ्यांनी अशीच वाट बघितलेली, मीही तेच धरून चाललो. तिला आणायचं, डोळे दाखवायचे आणि या खेपेला चार दिवसांत पळू द्यायचं नाही. म्हणून तुला लिहिलं की माजघराच्या भिंतीचा पोपडा पाठव, तसाच रंग लावतो. तू तो कापसात गुंडाळून पाठवलास आणि खाली लिहिलंस, "दादा, भिंत कसली मागवतोस, आईला घेऊन जा."

स्टेशनजवळच्या दुकानात शेड कार्डावर दोन निळे शेजारी शेजारी होते, स्काय ब्लू आणि पावडर ब्लू. पोपडा नेमका दोघांच्या मधला. तुझी वहिनी शैला मुंबईची, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "अरे यार, दोन्ही सेम आहेत. आधी आईंना आण ना, रंग काय पळून जातोय?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. पहिला लावला तर खिडकीच्या उजेडात बरोबर दिसायचा आणि ट्यूबलाइट लावली की हिरवट मारायचा. दुसरा संध्याकाळी जांभळट. ओला असताना एक, सुकल्यावर भलताच. रंगारी बादलीत थेंब थेंब निळा घालून कंटाळला. भिंतीवर हातभर पट्टे ओढलेले, आणि मी कामावरून आलो की चप्पल न काढता पोपडा घेऊन त्यांच्यासमोर उभा. शेवटी रंगारी म्हणाला, "साब, ये चूना है. डिस्टेंपर में ये नहीं आएगा." त्याचा रोजचा धंदा, त्याला कळत होतं. माझं डोकंच फिरलं होतं.

आता लिहितोय ते तुला आजवर सांगितलेलं नाही. मार्गशीर्षात मी कळवलं की रजा नामंजूर झाली, खोलीचा रंगही अजून सुकायचाय. रजेचं खोटं होतं, सुमे. रजा मिळाली होती, तिकीटही काढलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी भिंत सुकली ती हिरवट, आणि मी जाऊन तिकीट रद्द करून आलो. भिंत घासून काढली, पुन्हा रंग लावला. मोतीबिंदू काय, पिकतोच आहे, असं शैलाला वर ऐकवलं. आईनेही तुझ्याकडून लिहवून घेतलं, "रंग नीट सुकांदे, मगे येतंय." तिला घर सोडायचं नव्हतंच, आयतं निमित्त मिळालं. आणि ते मी दिलं.

शिमग्याच्या तोंडावर तुझं कार्ड आलं की आई अंगणाची पायरी चुकून पडली, समोरचं माणूस तिला ओळखू येत नाही. तेव्हा धावलो.

अंधेरीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही, नजर खात जातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. तीन-चार महिने आधी आणलं असतंत तर होती तेवढी राखता आली असती. आई शेजारीच बसून ऐकत होती. जिना उतरताना माझा दंड धरून म्हणाली, "तू कित्याक रडतंस? डोळे माझे, तुझे न्हय." शैलाने आईचा दुसरा हात धरला आणि एकेक पायरी मोजत तिला खाली उतरवलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

आतल्या खोलीत खाटेवर बसवल्यावर आईने विचारलं, "रंग जमलो?" मी म्हटलं, "जमला." तुझं कार्ड आलं तेव्हा जो रंग भिंतीवर होता तोच राहिला, हिरवट झाक असलेला. पुन्हा लावायला मनच झालं नाही.

गावाहून कोणी आलं की विचारतात, आईला घरी कधी आणतोस? काय सांगू? आता तूही तिथे नाहीस, माजघराला कुलूप आहे, चुना लावायला कोणी नाही. इतकी वर्षं मी घर म्हणजे तेच समजत होतो. आता माझं घर खाटेवर बसून लसूण सोलतं आणि सारखं किती वाजले विचारतं. पाच वर्षं झाली, पळून जायचं नाव नाही. आणि ते मला बघवत नाही.

परवा समोरच्या घरातल्या गुजराती मावशी तिच्याजवळ बसल्या होत्या. मी दारातच थांबलो. आई भिंतीकडे तोंड करून त्यांना सांगत होती, "माझ्या झिलान आमच्या माजघराचोच रंग लावल्यान हा. तिळभर फरक नाय. म्हणान माका हय करमता." भिंतीवरचे ते पट्टे मावशींनी तेव्हा बघितले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तू मे महिन्यात पहिल्यांदाच इथे येते म्हणतेस, ये. रागावलीस तरी ये, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण खोलीत शिरल्यावर ती तुला आधी रंगाचंच विचारेल. तुला फरक दिसेल. तिला सांगू नकोस.