एकाच हाताचे नकाशे

औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात ती रोज कोपऱ्यात बसलेली दिसायची. रंगीत पेन्सिलीचं टोक ब्लेडनं खरवडायची आणि तो भुगा कापसानं नकाशावर पसरायची. अर्थशास्त्र-भूगोल घेऊन बीए करणाऱ्या निम्म्या पोरांची जर्नलं तीच काढून द्यायची. मी भूगोलाचा प्राध्यापक. सगळ्या जर्नलांमागं हात एकच आहे हे कळायचं, तरी मार्क देऊन मोकळा व्हायचो.

एकदा विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"तुमच्याच वर्गात, सर," मान वर न करता ती म्हणाली. "हेच दोन विषय व्हते. बिडकीनवरून रोज येणं जमंना, जर्नल अपुरं राह्यलं. तुम्ही परीक्षेला बसू दिलं नाय."

मला तिचा चेहरा आठवेना.

यंदाही तिच्या हातची गठ्ठाभर जर्नलं माझ्यापुढं आली. सगळ्यांवर 'पूर्ण' असा शेरा मारून मी सही केली.