फाटकाचं कुलूप

गल्लीत सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. डोकं तापट, पण हातात कसब. प्रत्येक कुलूप ते गिऱ्हाइकासमोर तीनदा लावून, तीनदा उघडून दाखवत आणि मगच देत. पण समुद्रापलीकडच्या एका देशातून निम्म्या किमतीची कुलपं येऊ लागली आणि काकांवर दुकानात माशा मारायची पाळी आली. "आत नुसता पत्रा आहे, पत्रा!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत. शेवटी कारागिरांना गोळा करून त्यांनी मोर्चा काढला, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि सरकारने खरोखरच त्या कुलपांवर भरमसाट कर बसवला. काकांची कानस पुन्हा दिवसभर वाजू लागली.

दोन महिन्यांनी एका सकाळी शर्टांच्या कारखान्याचे मॅनेजर दुकानात आले. "काका, तुमच्याकडचं सगळ्यात मोठं कुलूप द्या."

काकांची कळी खुलली. फडताळातून पितळी कुलूप काढत त्यांनी विचारलं, "कशाला लावायचंय?"

"कारखान्याच्या फाटकाला. आमचे सगळे शर्ट त्याच देशात जायचे. आपण त्यांच्या कुलपांवर कर लावला, तर त्यांनी आपल्या शर्टांवर लावला. आता तिकडे कोणी घेत नाही. आजपासून बंद."

काकांची मुलगी त्याच कारखान्यात कॉलर शिवायला होती. तासाभरापूर्वीच डबा घेऊन गेली होती.

सवयीने काकांनी कुलूप दाबून लावलं. पण ते उघडून दाखवायला किल्ली फिरवायची, तर त्यांचा हातच होईना.