शेणात थापलेलं भोपळ्याचं बी

आईच्या पाच बोटांचा ठसा उमटलेली शेणाची एक गोवरी मागच्या खोलीच्या भिंतीला चिकटलेली असे, आणि तिच्या पोटात तांबड्या भोपळ्याचं बी निजलेलं असे. संक्रांतीच्या सुमारास वेलावरचा सगळ्यांत देखणा भोपळा चिरायचा, बी राखेत घोळवून ओल्या शेणात दाबायचं... अक्षय तृतीयेला ती गोवरी फोडून परसात आळी घालेपर्यंत किडामुंगी त्याच्या वाटेला जात नसे.

कोल्हापुरात रंकाळ्यापलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या. परस तो केवढा, चार पावलांत संपणारा. पण न्हाणीचं पाणी आणि कुजलेलं शेणखत पिऊन वेल थेट कौलांवर चढे. पहाटेच्या दवात पानांवर राख उधळायची, तांबडे भुंगे हातानं वेचायचे – हे काम माझ्याकडे. खरं सांगते, मला त्याचा भारी संताप येई. बोटांना दिवसभर कडवट वास राही. शेजारचे सगळे तेव्हा युरियाच्या पांढऱ्या खताच्या नादी लागले होते. आई बजावायची, "माझ्या वेलाला तसलं काय दावायचं न्हाय." आणि मग लसूण-मिरचीच्या फोडणीत त्या केशरी फोडी पडल्या, की त्यांचा तुपासारखा स्निग्ध गंध घरभर रेंगाळे, अन् माझा राग कुठल्या कुठं जाई.

ते बी आईच्या माहेरचं, शाहूवाडीच्या डोंगरातलं. ते गाव सत्तरच्या दशकात धरणाखाली गेलं. आईच्या धाकट्या भावाला, माझ्या मामाला, दूर सपाटीला जमीन मिळाली. पण त्या हलवाहलवीत घरातलं बियाणं गेलं. उरलं ते एवढंच, आमच्या भिंतीवर. 'अक्षय तृतीयेला बी न्यायला येतो,' असा त्यानं एके वर्षी निरोप धाडला होता.

आदल्या दिवशी वळिवानं झोडपलं, भिंतीला ओल आली. आईनं गोवरी काढून चुलीवरच्या फळीवर, उबेला ठेवली. मला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती दूध आणायला गेली असताना मामा आला नि बाहेरच्या ओट्यावर टेकला. मी दहा वर्षांची. मामाला चहा आपणच करायचा, ही हौस. सरपण ओलं, धुरानं डोळे चुरचुरलेले... फळीवर हात गेला, कोरडी गोवरी लागली, ती मी अख्खी चुलीत सारली. चहाला उकळी आली आणि आत तडतड सुरू झाली. भाजक्या बियांचा खमंग वास सुटला. आधी माझ्या तोंडाला पाणी सुटलं, मग उमगलं. चिमट्यानं ओढून काढली, तर नुसती काळी टरफलं.

आई आली. तिनं फळीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं; मग चहा गाळून माझ्या हाती मामाला धाडला.

बाहेरून मामा म्हणाला, "आक्का, बी दे की. उजेडात पोचतो."

पदराला हात पुसत ती दारात गेली. "उंदरांनी नेलं रं. सांगाय तोंड न्हाय मला."

मामानं निम्मा चहा तसाच ठेवला. "आईच्या हातचं एवढंच हुतं, आक्का. तेबी तुला राखता आलं न्हाय व्हय?"

त्यानंतर भाऊबीजेला तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. एकदा मी रडत म्हटलं, "मी सांगते मामाला." भाकरी थापता थापता आई म्हणाली, "नगं. माझं माहेर तुटलं तर तुटलं, तुझं आजोळ ऱ्हाऊ दे."

आणि ते राहिलं. प्रत्येक मे महिन्यात मी मामाकडे जात राहिले, लाडावत राहिले. आई मात्र त्या घरी पुन्हा गेली नाही. पुढे आई वारली, मग मामाही गेला – मला सांगायला जमलं नाही ते नाहीच. आता गच्चीवर मीही भोपळा लावते, दुकानातल्या पुडीतलं बी, येतो बरा. मामाच्या घरी आजही मला भाचीचा मान आहे. तिथं ताटात भोपळ्याची भाजी वाढली, की मी मान खाली घालून जेवते.