धुळ्याला नेलेल्या दहा मुली

जामनेरच्या बसस्थानकावर सकाळी साडेपाचला मी मुली मोजल्या. दहा भरल्या. पाच मिनिटांनी पुन्हा मोजल्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक आहे, त्यामुळे मोजण्याची सवय आहे. पण पुस्तकं ठेवली तिथेच राहतात. या मुली डोक्याला स्कार्फ गुंडाळून कधी चहाच्या गाडीपाशी, कधी वेळापत्रकाच्या फळ्याखाली दिसत होत्या, एक तर चक्क झाडूवाल्या मावशींशी गप्पा मारत होती.

आम्ही निघालो होतो धुळ्याला, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धेला. मी आयुष्यात कधी खो-खो खेळले नाही. तरी संघाची व्यवस्थापक म्हणून मीच चालले होते, त्याचं कारण साधं होतं. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक लागते, असा नियम आहे. आमच्या कॉलेजात खेळाचे एकच शिक्षक, मनोज सर. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांचाच पगार. तीन दिवस आमच्याकडे आणि तीन दिवस दुसऱ्या कॉलेजात. त्या दिवशी ते मुलांची कबड्डी घेऊन चोपड्याला गेले होते. गेल्या वर्षी महिला व्यवस्थापक मिळाली नाही म्हणून मुलींचा संघ गेलाच नाही. यंदा प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, "जो संघ उतरत नाही, त्याच्यासाठी पैसे राखून ठेवता येत नाहीत. यंदाही गेला नाहीत तर खो-खो बंद करू आणि तो वाटा क्रिकेटला देऊ."

म्हणून कप्तान दीपाली ग्रंथालयात येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली होती. "मॅडम, तुम्ही फक्त सोबत चला. खेळायचं आम्ही बघतो."

मनोज सरांनीही आदल्या दिवशी फोनवर धीर दिला, "मुलींना काही सांगावं लागत नाही. तुम्ही कागद आणि ओळखपत्रं तेवढी सांभाळा."

जळगावच्या बसमध्ये कंडक्टरने दहा मुली आणि मी अशी अकरा अर्धी तिकिटं फाडली. एसटीत महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून मुलींचा संघ मुलांच्या संघापेक्षा स्वस्त पडतो. हे प्राचार्यांना सांगायचं मी मनात नोंदवून ठेवलं. नेरी मागे पडली तेव्हा उजाडत होतं. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचणी होऊन गेलेली, काड्यांवर चुकार बोंडं राहिलेली. बसमध्ये दीपाली, तबस्सुम आणि अश्विनी या तिघी पुस्तकं उघडून बसल्या होत्या. सोमवारी त्यांची परीक्षा होती. पुस्तकांवर आमच्या ग्रंथालयाचा शिक्का पाहून मला फार बरं वाटलं. खेळायला चाललेल्या मुलीही वाचतात, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलंसुद्धा.

जळगावला गाडी बदलली. स्टँडबाहेर गरम पोहे मिळाले. तबस्सुमच्या वडिलांचं जामनेरला गादीघर आहे. त्यांनी शिवून दिलेल्या जाड कापडाच्या पिशवीत संघाचे बूट होते. बूट सातच जोड, मुली दहा. मी काळजीने विचारलं तर तबस्सुम म्हणाली, "मॅडम, बाद झालेली बूट काढते, पुढची घालते. मापाचं नका विचारू, आमचे पाय आता एकसारखे झालेत."

गिरणेचा पूल ओलांडून बस एरंडोल, पारोळा करत निघाली. रस्ता आता रुंद झाला आहे, त्यामुळे प्रवास झटपट होतो, पण पूर्वी खिडकीशी येणारी झाडं दूर गेली आहेत. पारोळ्याला चढलेल्या एका आजींनी मुलींकडे बघून विचारलं, "बठ्ठ्या एकच घरन्या शेतस का वं?" (सगळ्या एकाच घरातल्या आहेत का गं?) आमच्या जामनेरकडची बोली वेगळी, अहिराणी आम्हाला समजते पण जिभेवर बसत नाही. दीपालीने शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "हो आजी, आणि या आमच्या मोठ्या ताई." मी तिशी ओलांडली आहे, त्यामुळे ते ऐकायला वाईट वाटलं नाही.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. नवख्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. रिक्षावाल्यांनी तीन रिक्षांत आम्हाला कोंबून, नंबर मोजत मोजत बरोबर मैदानावर सोडलं. मैदान नुकतंच पाणी मारून बसवलेलं, ओल्या मातीचा वास येत होता. एक गृहस्थ पँट दुमडून, हातात फक्कीचं घमेलं घेऊन रेषा आखत होते. मी त्यांना माळी समजले आणि विचारलं, "भाऊ, क्रीडा संचालक कुठे भेटतील?"

"रेष संपली की भेटतील," ते म्हणाले. तेच बोरसे सर, यजमान कॉलेजचे क्रीडा संचालक. रेषा आखणं, पाण्याचे जार मागवणं, माईक बांधणं, सगळं तेच करत होते. त्यांच्या मदतनिसाची जागा कधीची रिकामी होती. स्पर्धेसाठी जे पैसे मिळतात त्यात पंचांचं मानधन आणि चहा बसतो, माणूस बसत नाही, असं ते हसत हसत म्हणाले.

टेबलाशी नोंदणी सुरू झाली. मी ऐटीत पात्रतेचा अर्ज ठेवला आणि मुलींना म्हटलं, "ओळखपत्रं काढा."

सात निघाली. दीपाली, तबस्सुम आणि अश्विनी माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तुमची?"

"तुमच्याकडेच आहेत ना, मॅडम," अश्विनी म्हणाली. "काल पुस्तकं घेतली तेव्हा."

आमच्या ग्रंथालयाची रीत अशी की परीक्षेच्या दिवसांत पुस्तक रात्रीपुरतं घरी हवं असेल तर ओळखपत्र ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड परत. आदल्या संध्याकाळी मीच त्या तिघींना पुस्तकं दिली होती. मीच कार्डं घेऊन पत्र्याच्या पेटीत टाकली होती, पेटीला कुलूप लावलं होतं आणि किल्ली पर्समध्ये घातली होती. किल्ली धुळ्यात होती, पेटी जामनेरला. सकाळी बसमध्ये ज्या पुस्तकांचा मी अभिमान बाळगला, ती त्याच कार्डांच्या बदल्यात दिलेली होती.

खो-खोला मैदानात नऊ लागतात. आमच्या सात उरल्या.

बोरसे सर वाईट वाटून म्हणाले, "मॅडम, फोटो चालणार नाही, मूळ कार्डच लागेल. तुमचा सामना तिसरा आहे, साक्रीशी. तोवर आली तर बघा."

मी आमचे ग्रंथालयाचे शिपाई नाना यांना फोन लावला. "नाना, पेटीचं कुलूप तोडा आणि तीन कार्डं धुळ्याच्या गाडीने पाठवा."

"कुलूप काब्र तोडू?" (का म्हणून तोडू?) नाना म्हणाले. "डेडस्टॉकच्या वहीले नोंद आहे पेटीची. कुलपासहित. उद्या तपासणी आली तर?"

"मी लिहून देईन, नाना."

"तुम्ही लिहून द्याल, पण सही माझी आहे तिथे." मग तेच म्हणाले, "पेटीच घेऊन येतो. भाचा मोटारसायकलने जळगावपर्यंत सोडेल."

"आणि ग्रंथालय कोण बघेल?"

"कुलूप," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

मी मुलींजवळ येऊन बसले. त्यांनी सरकून मला जागा करून दिली, त्यामुळे जास्तच लाज वाटली. तेवढ्यात बोरसे सर धावत आले. वेळ पाहणारे शिक्षक आले नव्हते. त्यांना आदल्या दिवशी सर्वेक्षणाचं काम लागलं होतं. "मॅडम, तुम्हाला घड्याळ सांभाळता येईल? फक्त डाव सुरू झाला की चालू, वेळ संपली की शिट्टी."

ग्रंथालयात वाचनकक्ष बंद करायची घंटा मी इतकी वर्षं वाजवते आहे. मी हो म्हटलं. घड्याळ हातात घेतल्यावर लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलं आहे. वेळ पाहणारं कोणी नसतं तर सामने रेंगाळले असते आणि नानांना तेवढी सवड मिळाली असती. आता स्पर्धा वेळेवर चालवणारी मीच होते.

पहिला सामना झाला. मध्यंतरात आमच्यातली एक मुलगी पाणी देण्याच्या निमित्ताने आली आणि घड्याळाकडे बघत पुटपुटली, "मॅडम, थोडं सावकाश." मी पाणी प्यायले. घड्याळ होतं तसंच चाललं.

दुसरा सामना फार चुरशीचा झाला. शेवटच्या डावात पाठलाग करणारा संघ एका गड्याने मागे होता. म्हणजे एक बाद झाली असती तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे जादा डाव. शेवटच्या क्षणी एका मुलीने खांबाजवळ सूर मारला, धावणारीच्या पाठीला हात लागला आणि माझी शिट्टीही वाजली. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. पंच माझ्याकडे आले.

"मॅडम, आधी हात की आधी शिट्टी?"

आधी हात म्हटलं असतं तर जादा डाव झाला असता. नाना तेव्हा पारोळ्याच्या आसपास असतील. मला बोलायला वेळ लागला, हे मी कबूल करते.

"आधी शिट्टी," मी म्हणाले.

सामना संपला. पाऊण वाजला होता. बोरसे सरांनी माईकवर पहिला पुकारा केला, "जामनेर आणि साक्री, मैदानात या." तीन पुकाऱ्यांनंतर संघ उभा नसेल तर समोरच्याला वॉकओव्हर. दीपालीने सात मुलींना ओळीत उभं केलं आणि आपण रेषेबाहेर थांबली. दुसरा पुकारा झाला.

साक्रीच्या संघाची व्यवस्थापक म्हणून आलेल्या बाई कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. त्यांच्याही कॉलेजला दुसरी बाई मिळाली नव्हती. आमची कार्डं घेऊन नाना निघाले आहेत, हे एव्हाना मैदानावर सगळ्यांना कळलं होतं. पदर खोचून त्या टेबलाशी आल्या आणि बोरसे सरांना म्हणाल्या, "सर, मन्या पोरी भुक्या शेतस. पहिले जेवतीन, मंग खेळतीन." (माझ्या मुली भुकेल्या आहेत. आधी जेवतील, मग खेळतील.)

"अक्का, जेवणाची सुट्टी या सामन्यानंतर आहे," बोरसे सर म्हणाले. "आणि तिसरा पुकारा केला की सामना तुम्हालाच मिळतोय."

"वॉकओव्हर लिसन काय करू? त्याले काय चव शे?" (वॉकओव्हर घेऊन काय करू? त्याला काय चव आहे?) अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे हात करून, "ही बाईनी आते शिट्टी खरी सांगी. तिले मी उपाशी खेळाडू देऊ का?" (या बाईने आत्ता शिट्टी खरी सांगितली. तिला मी उपाशी खेळाडू देऊ का?)

बोरसे सरांनी वेळापत्रक पाहिलं, पंचांकडे पाहिलं. दोन्ही व्यवस्थापकांची संमती असेल तर सुट्टी आधी घेता येते, असं पंच म्हणाले. मी इतक्या घाईने सही केली की पेन कागदातून आरपार गेलं.

अक्कांनी मोठा डबा उघडला. कळण्याच्या भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. आमच्या पुऱ्या आणि वांग्याचं भरीत त्यांच्याकडे गेलं. साक्रीच्या मुली डोंगराकडच्या गावांतल्या. पहिल्या घासापर्यंत दोन्ही संघ वेगळे बसले होते. ठेचा खाऊन तबस्सुमला ठसका लागला तसे सगळे एकत्र झाले.

"हळू खा वं," अक्का म्हणाल्या. "तुमना नाना येस तवलोंग खावानं शे." (तुमचे नाना येईपर्यंत खायचं आहे.)

पावणेदोनला रिक्षातून नाना उतरले. अंगावर खाकी गणवेश, काखेत पेटी आणि पेटीला गुंडाळलेलं पांढरं कापड. मी किल्ली काढली, पण त्यांनी आधी पेटी टेबलावर ठेवली, कापड सोडलं आणि बोरसे सरांना कुलूप दाखवलं. "बघून घ्या सर, जसंच्या तसं." मगच मला उघडू दिलं. तीन कार्डं वरच होती. दीपाली, तबस्सुम, अश्विनी. बोरसे सरांनी नावं मिळवून पाहिली आणि माईक हातात घेतला.

आम्ही हरलो. साक्रीच्या मुली वाऱ्यासारख्या पळत होत्या आणि आमच्या मुली बूट बदलत होत्या. पण शेवटच्या डावात अश्विनीने तिघींना लागोपाठ बाद केलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत अक्काही होत्या. निकालपत्रकावर आमच्या कॉलेजचं नाव आलं. सामना खेळला, असं त्यावर लिहिलं होतं. मनोज सरांना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला. चोपड्याला त्यांचा संघ जिंकला होता, पण ते सारखं एवढंच विचारत होते, "उतरल्या ना? शिक्का आहे ना पत्रकावर?"

परतीच्या बसमध्ये नानांनी पेटी मांडीवर घेतली होती. आमच्या अकरा अर्ध्या तिकिटांत त्यांचं एकट्याचं पूर्ण होतं, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. पारोळ्यापर्यंत मुली झोपल्या. मी जागी होते आणि मला माझ्या पहिल्या प्रवेशाचा दिवस आठवत होता.

माझे वडील, आबा, जामनेरच्या बाजार समितीत हमाल होते. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. शुल्काचं चलन हातात आल्यावर आबांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मला वाचायला लावलं होतं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मग क्रीडा शुल्क.

"तू खेळशील?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग हे कशाचं?"

खिडकीमागचे कारकून वैतागून म्हणाले, "आबा, तुमची नाही तर दुसरी कुणी खेळेल." आबांनी मान हलवली आणि पैसे पुढे सरकवले. पदवी मिळेपर्यंत दर वर्षी ते ती ओळ भरत राहिले. ती दुसरी कुणी कोण, हे त्यांना कधी कळलं नाही. मलाही नाही.

जामनेरला उतरलो तेव्हा स्टँडवरचे दिवे लागत होते. मी पुन्हा मुली मोजल्या. तबस्सुमचे वडील बुटांची पिशवी घ्यायला आले होते, अश्विनीची आई रस्त्यापलीकडे उभी होती. दहा भरल्या. मग मी घरी गेले. आबा ओसरीत बसले होते. त्यांच्यासाठी मागून आणलेली अक्कांची कळण्याची भाकरी मी ताटात वाढली आणि त्यांच्याजवळ बसून एकेकीचं नाव सांगायला लागले.