वहिनींचा स्वेटर आणि बेकरीचं हवामान

बेकरीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत. मालक त्यांचे धाकटे दीर, तेव्हा मालकांच्या त्या वहिनी होत्याच. पण वयाने त्यांच्याहून चार-सहा वर्षांनी मोठे असलेले भट्टीमास्तरही वहिनीच म्हणत, आणि सकाळी ब्रेड न्यायला येणारी शाळकरी पोरंही. नातं एकदा गल्लीत सुटलं की त्याला आवरणं कठीण.

पीठ वहिनींचं, भट्टी मास्तरांची, अशी वाटणी होती. वहिनी पीठ भिजवून, तिंबून टबात झाकून ठेवत. ते फुगलं की मास्तर साच्यांत घालून भाजत. दोघांत बोलणं फारसं होत नसे. संसार असाच चालावा, असं मास्तर म्हणत. त्यांच्या बायकोचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

वहिनींचा संधिवात जुना. सकाळी मूठ उघडायची म्हणजे गंजलेली कडी काढण्यातला प्रकार. शिवाय थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी. या दोन पाहुण्यांशी त्यांनी जमवून घेतलं होतं. एकाला ऊब हवी असे, दुसऱ्याला वक्तशीरपणा. मग पन्नाशीच्या अलीकडे तिसरा आला, आणि त्याला गारवा हवा होता. बसल्या जागी छातीतून वाफ उठे, कानशिलं तापत, मानेवरून घाम निथळे, आणि पुसतोय तोवर हुडहुडी भरे. पाळी मनाला येईल तेव्हा येई, नाहीतर महिनोन्‌महिने तोंड दाखवत नसे. घरी पंखा लावला की बोटं आखडत, बंद केला की जीव घुसमटे. यजमान रजई नाकापर्यंत ओढून म्हणत, "अगं, मला एकदाचा न्युमोनिया होऊ दे, मग लाव हवा तेवढा."

आणि याच सुमारास पाव बिघडला. एके दिवशी तो विटेसारखा निघे, दुसऱ्या दिवशी आंबट होऊन मध्येच बसे. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका पोराने पाव काउंटरवर आपटून त्याचा आवाजही ऐकवला.

भावजी दोन दिवस घसा खाकरत होते. तिसऱ्या दिवशी बोलले. "वहिनी, तुम्ही खूप केलंत. आता काउंटरला बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. पिठाला सोमवारपासून एक माणूस बघितलाय."

"माझा हात गेला, असं सरळ म्हणा ना."

"तसं नाही हो. पण बोटांचं दुखणं, त्यात वय..."

"वयाचं तुम्ही बोलू नका, भावजी. तुम्हाला मिसरूड नव्हतं तेव्हापासून ओळखते मी. अजूनही फारसं नाहीये."

भावजी हसले, पण सोमवार मागे घेतला नाही. वहिनींना खुर्चीचा मोह नव्हता. कोमट पिठात मनगटापर्यंत हात बुडाले की त्यांची बोटं त्यांचं ऐकत. दिवसभरात तेवढाच वेळ. काउंटरवर त्या बोटांनी करायचं काय? सुट्टे पैसे मोजायचे?

वहिनी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. रक्ततपासणीत थायरॉइड जागच्या जागी निघालं. "पाळी जायच्या वाटेवर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हॉर्मोन्सचं वरखाली चाललंय. सांध्यांची औषधं आहेतच, तेव्हा दोन्हींचा एकत्र विचार करू." काही तपासण्या लिहून दिल्या, मग गोळ्यांचं ठरवू म्हणाल्या. कपडे एकावर एक घाला, चटकन काढता येतील असे, थोडं चाला, आणि कामावर सांगून टाका, लपवू नका. वहिनींनी सगळं मान्य केलं, शेवटचं सोडून.

शनिवार उजाडला. बाहेर चांगलीच थंडी होती. वहिनी स्वेटर घालून पीठ तिंबत होत्या. टब झाकला आणि छातीतून वाफ उठलीच. त्यांनी स्वेटर ओढून काढला आणि खिळ्याला अडकवला. मास्तरांनी टब उचलला आणि मागच्या दाराकडे निघाले.

"मास्तर, कुठे?"

"व्हरांड्यात. गरम होतंय ना."

"कुणाला?"

मास्तर टबासकट थांबले. "तुम्हालाच की. स्वेटर काढलात."

मग हळूहळू उलगडलं. वहिनींचा स्वेटर खिळ्यावर गेला की हवा गरम, टब व्हरांड्यात. अंगावर आला की हवा गार, टब भट्टीशेजारी. इतकी वर्षं बेकरी या शास्त्रावर चालली होती, आणि ज्यांच्या अंगावर ते होतं त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

"हे ठरवलं कुणी?"

"ठरवायचं काय त्यात? तुमचा स्वेटर कधी चुकलाच नाही. हल्लीच जरा... काल काढला, घातला, परत काढला. टब ने-आण करून माझी कंबर गेली!"

वहिनी मैद्याच्या पोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आवाज ऐकून भावजी आत आले.

"भावजी, माझा हात शाबूत आहे," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "माझा स्वेटर बघून मास्तर टब हलवतात, म्हणून पीठ कधी गारठतं, कधी जास्त आंबतं. आणि माझी पाळी जायला आलीय. म्हणून मला वाफा येतात. हवेचा त्यात काडीचा संबंध नाही."

भावजींनी छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी बराच वेळ पाहिलं. मास्तरांनी मात्र टब खाली ठेवला. "म्हणजे आमच्या हिचंही हेच? पांघरूण काढून माझ्या अंगावर भिरकावते. मला वाटायचं, रागावलीय."

"रागावलीही असेल. घरी जाऊन विचारा."

टब भट्टीजवळ राहिला. पीठ फुगेपर्यंत वहिनींनी आपलं म्हणणं मांडून टाकलं. टेबलाला उंच स्टूल हवं, वरची खिडकी उघडी राहिली पाहिजे, जड तिंबायला मिक्सर घ्यायचा, आणि भिंतीवर थर्मामीटर लावायचा.

"आणि सोमवारचा माणूस?" भावजींनी चाचरत विचारलं.

"येऊ दे की. पोती उचलायला हवाच आहे. पिठाला मात्र मला विचारून हात लावायचा."

पहिला घाणा निघाला. भावजींनी एका पावावर अंगठा दाबून पाहिला. तो खाली गेला आणि निवांत वर आला. त्यांनी तो पाव मोडला, उभ्याउभ्या खाल्ला, मग दुसरा उचलला. तो हातात घेऊनच ते बाहेर गेले आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसले. तिथे कुणीतरी बसायला हवंच होतं.